केळीची बाग कापली की कोल्हे जातात कुठं? प्रकल्प नोंदी, रावेर तालुका

३ फेब्रुवारी

दोन्ही कॅमेरे लागले एकदाचे. पहिला मामांच्या नवती, म्हणजे नव्या लागवडीच्या बागेत, नाल्याकडून वर येणाऱ्या पायवाटेवर. दुसरा नाल्याच्या त्या अंगाला, अण्णांच्या पिलबागेच्या (आधीच्या झाडांच्या पिलांपासून वाढवलेल्या केळीच्या) बांधावर. केळीच्या खोडाला बांधायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, खोड मऊ असतं, पट्टा आवळला की आत रुततो आणि चीक लागला की पट्टा, शर्ट, हात सगळं काळं होतं आणि काही केल्या निघत नाही. म्हणून बांबू ठोकले, उंची गुडघ्याच्या जरा खाली, म्हणजे कोल्हा आणि रानमांजर नीट दिसतील. जमीन सगळी खासगी आहे, दोन्ही मालक हो म्हणालेत, वनरक्षक भाऊंनाही सांगून ठेवलंय.

प्रश्न एवढाच की सातपुड्याच्या पायथ्यापासून खाली तापीपर्यंत आमच्याकडं केळीच केळी आहे, आणि वर्षभरात प्रत्येक बाग कधी ना कधी भुईसपाट होते. जी जनावरं वर यावल अभयारण्यात नाहीत, इथंच शेतात जन्मून शेतातच मरतात, ती त्या वेळी काय करतात?

मामांना हे काही पटलेलं नाही. "वाघ सापडला तर सांगजो भो, कोल्ह्याले काय बघतो?" वाघाचं बोलणं अगदीच हवेतलं नाही म्हणा, मुक्ताईनगरकडं डोलारखेड्याच्या शिवारात वाघ केळीच्या बागांमधून वावरतात हे सगळ्या जिल्ह्याला माहितीय, सावली, ओल आणि रानडुक्कर तिन्ही एका जागी मिळाल्यावर तो कशाला जाईल. पण वाघाकडं बघायला खूप लोक आहेत.

११ फेब्रुवारी

कार्ड उघडलं तर पानंच पानं. वारा आला की केळीचं पान हलतं, ऊन-सावली सरकते आणि कॅमेरा फोटो मारत सुटतो. पहिल्या कॅमेऱ्यासमोरची लोंबती पानं सालदार दादांनी विळ्यानं काढून दिली, तशीही वाळलेलीच होती.

त्या ढिगातून निघालेलं : कोल्ह्याची जोडी (चार वेगवेगळ्या रात्री), रानमांजर एक, साळिंदर एक, उंदीर-घुशी भरपूर, आणि मामांचा कुत्रा जवळपास रोज. कोल्हे जोडीनंच दिसतायत, एक पुढं आणि दुसरा पाच-सात सेकंदांनी मागं. हा त्यांचा जोडीचाच सीझन आहे, आता जमले तर साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे एप्रिलच्या आसपास पिल्लं.

१९ फेब्रुवारी

आज कॅमेरे सोडून नुसतं बांधानं फिरलो. दोन बांध जिथं मिळतात तिथं कोल्ह्याची विष्ठा हमखास सापडते, मुद्दाम उंचावर, दगडावर किंवा गवताच्या ठोंबावर टाकलेली, हद्दीची खूण म्हणून. काडीनं उकलून बघितली. बोराच्या आठळ्या, खूप आठळ्या, अख्ख्या. मधे उंदराचे राखाडी केस, एक छोटा जबडा पिवळ्या दातांसकट, थोडं गवत, आणि ड्रिपच्या नळीचा काळा तुकडा. नळी का खाल्ली असेल देव जाणे, दादांचं म्हणणं की उन्हाळ्यात कोल्हे पाण्यासाठी लॅटरल चावतात, आणि दात लागलेल्या नळ्या त्यांनी दाखवल्याही, पण ते दात घुशीचे की कोल्ह्याचे हे मला सांगता येईना.

केळी मात्र विष्ठेत कुठंच नाही. लोकांना वाटतं कोल्हा केळी खायला येतो, पण व्यापारी घड कच्चा हिरवाच कापून नेतात, झाडावर पिकलेली केळी इथं खायला मिळते कुठं. तो येतो उंदरांसाठी. पाणी रोज, पालापाचोळ्याचा थर जाड, नांगर वर्षभर नाही, उंदराला अजून काय पाहिजे.

नाल्याच्या ओल्या वाळूत पावलंही मिळाली. कुत्र्याचं पाऊल गोलसर आणि बोटं सुटी, कोल्ह्याचं लांबट, आणि पुढच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना चिकटलेल्या. एकदा ही खूण डोळ्यात बसली की मग लांबूनही गफलत होत नाही.

४ मार्च

दुसऱ्या कॅमेऱ्यात बांबूवर बसलेला पिंगळा आला, मानेला झटका देऊन थेट लेन्समधे बघणारा. ग्रुपवर टाकला तर लगेच दोघांनी रानपिंगळा, रानपिंगळा सुरू केलं. नाही बाबांनो, हा साधा ठिपकेवाला पिंगळा आहे, गावात, चिंचेच्या ढोलीत, कुठंही राहतो. रानपिंगळ्याचं खान्देशशी नातं आहे हे खरं, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही पुरावा नव्हता, पक्षी संपला असंच धरलं होतं आणि नोव्हेंबर १९९७ मधे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ सापडला, ११३ वर्षांनी. पण त्याला सागाचं मोकळं जंगल आणि ढोली असलेली जुनी झाडं लागतात. झाडं गेली की तो केळीत येऊन राहत नाही, संपतो. माझ्या कार्डात जे जे येतंय ते सगळे काहीही खाणारे आणि कुठंही झोपणारे आहेत, बाग जनावरांनी भरलेली दिसली म्हणून जंगल गेलं तरी चालतं असा हिशोब कोणी मांडू नये.

२२ मार्च

हे लिहायलाच पाहिजे, इतके दिवस वेळा टिपल्या त्याचं फळ.

शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की दादा किंवा मामा, कधी अण्णांचा मुलगा, रात्री मोटर चालू करायला, पाण्याचा वॉल (व्हॉल्व्ह) फिरवायला येतात, बॅटरी घेऊन, मोबाईलवर गाणी लावून, बाईकवरून. आता दिवसाच्या लाईटच्या आठवड्यांत कोल्हे पहिल्या कॅमेऱ्यावर दिवेलागणीनंतर लगेच, साडेसात-आठपासून. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यांत तेच कोल्हे एकतर पहाटे तीननंतर, नाहीतर चक्क संध्याकाळी उजेड असताना, माणूस घरी चहाला गेला त्या फटीत. दोन्ही फेऱ्यांना असंच दिसलं.

२०१८ मधे सायन्स मासिकात केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ६२ सस्तन प्राण्यांवरचे ७६ अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की माणसाचा वावर असला की प्राण्यांचं रात्री फिरणं सरासरी १.३६ पट होतं, म्हणजे जो प्राणी निम्मा दिवस निम्मी रात्र फिरायचा तो ६८ टक्के रात्रीचा होतो. ते वाचताना मला वाटायचं की दिवस माणसाचा आणि रात्र जनावराची अशी सरळ वाटणी असणार. आमच्या शिवारात रात्रही कोल्ह्याची नाही, ती लाईटच्या वेळापत्रकाची आहे, आणि वेळापत्रक त्याला पाठ झालंय असं दिसतंय. मामांना सांगितलं तर म्हणे, "मंग त्यालेच विचार, पुढच्या हप्त्यात लाईट कधी येईन."

रानमांजराला मात्र लाईटशी काही देणंघेणं नाही. ते एकटं, गुपचूप, दहा फुटांवर माणूस असला तरी पाल्यात दबून राहतं आणि माणूस गेला की पुढच्याच मिनिटाला फोटोत.

१६ एप्रिल

अण्णांच्या पिलबागेची कापणी महिनाभर चालली होती, घड तयार होतील तसे. तोपर्यंत जनावरांना फार फरक पडला नाही, घड गेला तरी खोड आणि सावली जागेवरच. काल मात्र रोटाव्हेटर घातला. सकाळी आठला बाग होती, चारच्या चहापर्यंत काळं रान. दुसरा कॅमेरा आधीच काढून नाल्याच्या काठावर करंजीखाली हलवला.

रोटाव्हेटर चालला तेव्हा मी बांधावरच होतो. ट्रॅक्टर एका अंगानं सुरू झाला, पट्टा पट्टा पुढं. आधी उंदीर पळाले आणि त्यांच्यावर बगळे तुटून पडले, वंचकही होते. मग दोन ससे. उरलेला पट्टा पाच-सहा ओळींचा राहिला तेव्हा रानमांजर निघालं. पळालं नाही. ओळीच्या टोकाशी येऊन थांबलं, ट्रॅक्टर वळायला पलीकडं गेला तेवढ्यात मोकळं रान वीसेक पावलं ओलांडून नाल्याच्या घाणेरीत शिरलं. अंगाला पोटाशी चिखल, कानाच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड आणि शेवटाला कडी कडी. एवढ्या जवळून पहिल्यांदाच.

कोल्हे निघालेच नाहीत, म्हणजे ते आत नव्हतेच. ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी सांगितलं की दरवेळी असंच होतं, कोल्हा आदल्या रात्रीच जागा सोडतो. कसं कळतं माहीत नाही. माझा अंदाज, कापणीच्या मजुरांचा महिनाभर रोजचा वावर सुरू झाला की तो आधीच सरकत असणार, त्याला काही रोटाव्हेटरची तारीख कळत नाही.

२७ एप्रिल

नाल्यात बीळ सापडलं. काठाची माती खचून मुळं उघडी पडलीत तिथं, तोंड पूर्वेला, बाहेर ताजी माती, कोंबडीची पिसं. लांबूनच बघितलं, कॅमेरा तिथं लावणार नाही. आजूबाजूला जाऊन वास सोडला तर मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते. दादांनाही सांगितलंय की कोणाला दाखवायचं नाही, पोरं धूर करतात.

१२ मे

ऊन. भुसावळला ४५ च्या वर, आमच्याकडंही तेच. कॅमेऱ्यांचं काम दुपारी जवळपास बंदच पडतं कारण त्यांचा सेन्सर जनावराच्या अंगाची आणि भोवतालची उष्णता यातला फरक पकडतो, आणि भोवतालच अंगाएवढं नाहीतर जास्त तापलं तर फरक राहतोच कुठं. म्हणजे मे महिन्यातला दुपारचा शून्य हा खरा शून्य नाही, तक्त्यात ते रकाने रिकामे सोडलेत.

रात्रीचं मात्र चांगलं मिळतंय. मजूर आता पाच-साडेपाचला येतात आणि अकराला घरी, त्यामुळं कोल्ह्यांनी पहाट सोडलीच, आता मध्यरात्र ते तीन.

मामांची बाग अजून उभी आहे, घड भरलेले. दुपारी आत शिरलं की बाहेरच्यापेक्षा एवढं थंड लागतं की मीच तिथं झोपलो तासभर.

२४ मे

पिल्लं तीन. दोन रात्री कॅमेरा दोनवर, आईच्या मागं. एकाच्या उजव्या कानाला चीर आहे, ओळखायला बरं.

२९ मे

आज डोकं फिरलं. खालच्या अंगाला नाला खोलीकरणाचं काम सुरू झालंय, जेसीबी तासावर लावलाय. पाणी अडवणं चूक असं मी म्हणणार नाही, या पट्ट्यात बोअरचं पाणी दरवर्षी किती खाली जातं ते मामांच्या बिलांवरून दिसतं, केळीला पाणी लागतं आणि मामांच्या घरात पैसा केळीचाच येतो. पण खोल करायचा म्हणजे दोन्ही काठ सोलून काढायचे असं कुठं लिहिलंय? करंज, घाणेरी, बोर, शिंदी सगळं उपटून माती काठावर रचली, आता भिंतीसारखा सरळ उतार झालाय.

ज्यांच्याकडं काम आहे त्यांना भेटलो. बोलणं नीट झालं, म्हणजे चहा पाजला. एक काठ राहू द्या, मशीन एकाच बाजूनं चालवा, माती पण कमी ढासळेल असं सांगितलं. ते म्हणाले साहेब मशीन तासावर आहे, झाड वाचवत बसलो तर तास वाढतात. ऑपरेटर पोरगा समंजस होता, तो म्हणे तुम्ही पांढरा फडका बांधा, तेवढी झाडं सोडतो. तर मामींची जुनी साडी फाडून रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या अंगाला एका काठाच्या झाडांना चिंध्या बांधून आलो. मामींनी दोन साड्या दिल्या, एक माझ्याच लग्नात मिळालेली होती असं नंतर कळलं.

७ जून

वादळ. अर्धा तास. मामांची बाग आडवी, सगळी एका दिशेला, घडासकट. सावदा-रावेर पट्ट्यात मेअखेर-जूनमधे हे जवळपास दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या नशिबी असतंच, यंदा आमच्या. आज प्रकल्पाचं काही नाही.

१३ जून

तलाठी, कृषी सहायक, विम्याचा माणूस, सगळे येऊन गेले, पंचनामा झाला. व्यापारी बोर्डावर जाहीर झालेल्या भावाच्या निम्मा भाव बोलतोय आणि पडलेला घड तोही उचलेना.

कॅमेरा एक बांबूसकट पडला होता पण चालू होता, जमिनीवरून तिरपे फोटो. पहिले दोन दिवस कोणीच नाही. तिसऱ्या रात्रीपासून रानडुकरं, कळपानं, कापलेल्या-पडलेल्या खोडांचे कंद उकरत. साळिंदर. आणि चिरलेल्या कानाचं पिल्लू एकटंच, पडलेल्या खोडावर उभं राहून उंदराच्या बिळाकडं मान वाकडी करून बघतंय. बाकी दोघं नाहीत.

बाग पडल्यावर आठवडाभर उंदीर मोकळे पडतात, म्हणजे शिकणाऱ्या पिल्लाला मेजवानीच. मग रोटाव्हेटर आला की संपलं. मामांचं नुकसान आणि कोल्ह्याची चंगळ एकाच तक्त्यात लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहिलंय.

९ जुलै

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर कोल्हा मेलेला. मोठा नर, आपलाच की दुसरा सांगता येत नाही. जागा महत्त्वाची आहे : नाला रस्त्याखालून ज्या मोरीतून जातो तिथून हाकेच्या अंतरावर. कोरड्या दिवसांत मोरीतल्या वाळूत कोल्ह्याची, मुंगसाची, रानमांजराची पावलं मी स्वतः बघितलीत, म्हणजे रस्ता ते खालून ओलांडतात. पहिला मोठा पूर आला की मोरी भरते आणि सगळे वरून. टपरीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले पावसाळ्यातच जास्त मरतात, ते समजत होते पाण्यानं बिळं भरली म्हणून रस्त्यावर येतात. तेही असेल. पण मोरीच्या एका कडेला फूट-दीड फूट उंच कोरडा कट्टा असता तरी बरंच भागलं असतं.

१८ ऑगस्ट

मामांच्या रानात आता मका, डोक्याएवढा. अण्णांनी जुलैत लावलेल्या नव्या रोपांवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग) आलाय, आमच्याकडं हरण्या म्हणतात, रोज चार पोती रोपं उपटून फेकतायत. जी नाल्यात टाकली तिथं डुकरांचा रोज मुक्काम, आणि मग तीच डुकरं मामांच्या मक्यात. अण्णांनी खड्डा करून पुरायचं कबूल केलंय, रोगासाठीही तेच बरं.

शेजारच्या शिवारात कोणीतरी डुकरांसाठी तारेत थेट लाईट सोडतं असं कानावर आलं. सोलरचं झटका मशीन वेगळं, ते ठोक्या ठोक्यानं झटका देतं आणि जनावर मागं फिरतं. थेट लाईटनं डुक्कर मरतं, कोल्हा मरतो आणि वॉल फिरवायला आलेला माणूसही मरतो, आणि तो गुन्हा आहे. मी न बोलता दादांना बोलायला लावलं, त्यांचं ऐकतात.

२६ सप्टेंबर

पावसाळ्यातली पावलांची पाहणी संपवली. नाला दोन तुकड्यांत धरलाय. मोरीच्या वर, जिथं चिंध्यावाला एक काठ उरलाय. मोरीच्या खाली, जिथं दोन्ही काठ सोललेत. दोन्हीकडं आजूबाजूला शेती सारखीच, मका, कापूस, नवी केळी. वर जवळपास प्रत्येक फेरीला कोल्हा आणि रानमांजराची पावलं, विष्ठेत जांभळाच्या बिया, नंतर खेकड्याची कवचं. खाली कुत्रा, कुत्रा, डुक्कर, कुत्रा. एकदाच कोल्हा, तोही सरळ रेषेत पार निघून गेलेला, कुठं न थांबता.

एकाच नाल्याच्या दोन तुकड्यांवरून फार मोठं बोलता येत नाही. तरी माझं मत आता पक्कं आहे. आपण बागेला अधिवास म्हणतो, पण बाग हा मुक्काम आहे, भाड्याचा. आज अण्णांची, उद्या मामांची, परवा कोणाची तरी. ज्याच्यामुळं या बागा जनावराच्या कामाच्या होतात तो नाला, त्याची अर्धवट घाण वाटणारी झुडपं. तिथं बीळ, तिथं रोटाव्हेटरच्या दिवशी आसरा, तिथूनच पुढच्या बागेची वाट. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याकडं, म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात, उसाच्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे मोजले होते, २०१३ चा पेपर, तेव्हा सगळी चर्चा उसावरच झाली. मला आता तिथले ओढे कसे आहेत ते बघावंसं वाटतं.

१४ ऑक्टोबर

मका निघाला. मामा कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावायची केळी, लावतायत, रोपं उद्या-परवा येतील, खड्डे झालेत. म्हणजे निदान पाच-सहा महिने या रानात सावली नाही.

चिरलेला कान काल रात्री कॅमेरा दोनवर, आता पूर्ण वाढीचा दिसतो, आणि सोबत मोठी मादी. आईच असावी, कोल्ह्यांत मोठी झालेली पिल्लं पुढच्या वर्षीची भावंडं सांभाळायला थांबतात, तसं असेल तर फेब्रुवारीत कळेल.

पुढचं काम : कॅमेरा एक मामांच्या रानातून काढून मोरीच्या वरच्या तोंडाशी. तिथं चोरीची भीती आहे म्हणून लोखंडी पेटी पाहिजे, वेल्डिंगवाल्या भाऊंना माप दिलंय. मोरीतल्या कट्ट्यासाठी अर्ज लिहायचाय, फोटो नऊ जुलैचा आणि वाळूतल्या पावलांचा जोडून. आणि पुढच्या खोलीकरणाची यादी उन्हाळ्याआधी मिळाली तर चिंध्या आधीच बांधता येतील, मामींनी मात्र सांगितलंय की साड्या संपल्या, आता बाजारातून कापड आण.